अरुंद गल्लीतील छायाचित्रण : स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याची शक्ती आणि मर्यादा

छायाचित्र काढण्याचे साधन आज बहुतेक प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या खिशात असते. एका पिढीपूर्वी क्षेत्रकार्यास निघणाऱ्या अभ्यासकाला कॅमेरा कोणाकडून तरी मागून आणावा लागे, छत्तीस चित्रांची फिल्म जपून वापरावी लागे, आणि ती धुऊन हाती येईपर्यंत श्रम सार्थकी लागले की वाया गेले याचा पत्ता नसे. स्मार्टफोनने ही सर्व अडचण दूर केली. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे साध्यही सुलभ झाले, असे मात्र होत नाही. एका दुपारात तीनशे चित्रे काढून परतलेल्या विद्यार्थ्याजवळ प्रबंधात समाविष्ट करण्याजोगी दहा चित्रेही निघू नयेत, हा प्रकार अपरिचित नाही. याचा दोष सामान्यतः यंत्राच्या किमतीकडे दिला जातो. वस्तुतः आपल्या हातातील यंत्र काय करते, काय करू शकत नाही, आणि आपल्या नकळत काय करून टाकते, यांविषयीचे अज्ञान हे त्याचे खरे कारण होय. प्रस्तुत लेखात या तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

विवेचनाला निश्चित आधार असावा म्हणून मुंबईतील भुलेश्वर-ठाकुरद्वार परिसरातील फणसवाडी हे स्थळ समोर ठेवले आहे. गिरगावातील अनेक वाड्यांप्रमाणे हिचे नावही एकेकाळच्या झाडांची आठवण देते. आज तेथे दिसतात त्या दाट वस्तीच्या इमारती, गॅलऱ्यांच्या चाळी, लाकडी जिने, तळमजल्यावरील दुकाने, आणि या सर्वांच्या मध्ये द्राविडी शैलीचे गोपुर धारण करणारे व्यंकटेशाचे मंदिर. छायाचित्रणाच्या दृष्टीने ही जागा कठीण आहे. मागे सरावयास जागा नाही, ऊन थोडा वेळ येते, आणि उजळ आकाश व काळोखा जिना एकाच चौकटीत येतात. ज्याला येथे चांगले छायाचित्र काढता आले त्याला ते अन्यत्र काढणे अवघड जाऊ नये.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या दक्षिण व मध्य मुंबईतील भाड्याच्या इमारतींचा उपकरप्राप्त असा एक वर्गच १९६९ च्या कायद्याने ठरविला, आणि त्यांपैकी अनेक इमारतींच्या जागी पुनर्विकासाने उंच मनोरे उभे राहिले आहेत. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेसाठी गिरगाव व काळबादेवी येथील काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. ती मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. मोडकळीस आलेल्या घरातून सुरक्षित घरात जाणे हा रहिवाशांचा हक्क आहे, आणि त्याविषयी खंत करण्याचा अधिकार बाहेरच्या अभ्यासकाला नाही. मात्र इमारत पडल्यावर तिची गॅलरी, कठड्यावरील कोरीव काम, जिन्याची घडण, दारावरची नावांची पाटी यांचा पुरावा म्हणून जे उरते ते बहुतांशी छायाचित्रच असते. ते चुकले तर पुन्हा काढता येत नाही. म्हणून चांगले छायाचित्र म्हणजे काय, हा प्रश्न येथे केवळ सौंदर्याचा राहत नाही.

१. लहान भिंग, थोडा प्रकाश

स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याचे मूळ वैशिष्ट्य त्याचा लहानपणा होय. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरील एका चित्राचा आकार ३६ × २४ मि.मी., म्हणजे ८६४ चौरस मि.मी. असे. आजच्या चांगल्या स्मार्टफोनच्या मुख्य कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदक, ज्याला सर्वत्र सेन्सर म्हणतात, तो सुमारे १० × ७ मि.मी. एवढा असतो. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ फिल्मच्या सुमारे बाराव्या हिश्शाइतके भरते. भिंगही त्याच मानाने लहान असते. जाहिरातीत '२६ मि.मी.' असे लिहिलेले असले तरी ती फक्त तुलनेची भाषा आहे. भिंगाचे खरे नाभ्यंतर सात मिलिमीटरच्या आसपास असते, आणि एफ/१.८ या मापाचे त्याचे द्वार जेमतेम चार मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साबुदाण्याच्या एका दाण्याएवढे असते.

या लहानपणाचे दोन परिणाम होतात. पहिला अनुकूल आहे. नाभ्यंतर लहान असल्यामुळे फार मोठ्या खोलीपर्यंत सर्व काही एकाच वेळी स्पष्ट येते. वर दिलेल्या मापांनुसार हिशेब केल्यास, साडेतीन ते चार मीटरवर फोकस धरला असता सुमारे दोन मीटरपासून पुढचे सर्व दृश्य स्वीकारार्ह रीतीने स्पष्ट राहते. चाळीच्या गॅलरीत उभे राहून जवळचा कठडा व समोरचे छप्पर दोन्ही स्वच्छ मिळावीत, ही सोय मोठ्या कॅमेऱ्यात द्वार लहान केल्याशिवाय होत नसे.

दुसरा परिणाम प्रतिकूल आहे. प्रकाश कणाकणाने येतो, आणि कण थोडे असले की त्यांच्या मोजणीतील स्वाभाविक चढउतार डोळ्यांना जाणवू लागतो. काळोख्या जागेतील चित्रात दिसणारी खरखर ती हीच. एका ठिपक्यावर शंभर कण पडले तर चढउतार सुमारे दहाचा, म्हणजे दशांश असतो. दहा हजार पडले तर तो शंभराचा, म्हणजे शतांश होतो. ज्याच्या वाट्याला प्रकाशच बाराव्या हिश्शाने येतो त्या यंत्राचे चित्र स्वभावतःच अधिक खरखरीत निघावयास हवे. तसे ते निघत नाही, यामागे भिंगाचे नव्हे तर गणिताचे कर्तृत्व आहे.

२. एक चित्र नव्हे, अनेक चित्रांची बेरीज

बटन दाबले की एक चित्र निघते, ही समजूत स्मार्टफोनच्या बाबतीत खरी नाही. कॅमेरा उघडल्या क्षणापासून यंत्र प्रतिमा घेत व टाकून देत असते. बटन दाबताच त्या क्षणाच्या आसपासच्या अनेक प्रतिमा ते राखून ठेवते, त्या परस्परांवर जुळवून बसविते आणि त्यांची सरासरी काढते. नऊ प्रतिमांची सरासरी घेतली तर खरखर एक-तृतीयांश होते, सोळांची घेतली तर एक-चतुर्थांश. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत या सर्व प्रतिमा मुद्दाम थोड्या काळोख्या घेतल्या जातात, म्हणजे आकाशासारखे उजळ भाग करपून जात नाहीत. आणि छायेतील भाग नंतर गणिताने उजळविले जातात. हाताच्या कंपामुळे दोन प्रतिमांत पडणारा फरक चित्राच्या लहान लहान तुकड्यांत मोजून दुरुस्त केला जातो. आज बहुतेक सर्व कंपन्यांचे फोन याच तत्त्वाच्या निरनिराळ्या रूपांवर चालतात.

रंगाची कथाही अशीच आहे. सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या एकस्वानुसार निम्मे ठिपके हिरव्या, पाव तांबड्या व पाव निळ्या गाळणीखाली असतात. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अनुमानाने भरले जातात. तेव्हा अंतिम चित्रातील बराचसा भाग मोजलेला नसून अनुमानित असतो, हे ध्यानी ठेवावे.

ही जोडणी ऐकून छायाचित्राच्या खरेपणावरचा विश्वास ढळावा असे वाटेल. परंतु अनेक निगेटिव्हांतून एक चित्र करण्याची रीत छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने समुद्राची काही चित्रे आकाशाची एक व पाण्याची एक अशा दोन निगेटिव्हांतून सिद्ध केली, कारण त्या काळच्या काचेवर दोहोंचा प्रकाश एकाच वेळी मावत नसे. मुंबईतही याचे उदाहरण आहे. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. याच मंडळात वावरणाऱ्या विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या रहिवाशांवरील आपला ग्रंथ १८६३ व १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यातील कित्येक चित्रांत माणसे एका निगेटिव्हातील आणि त्यांच्या मागचे मुंबईचे दृश्य दुसऱ्याच निगेटिव्हातील आहे. आज तो ग्रंथ पोशाखाचा पुरावा म्हणून पाहता येतो. माणूस त्या जागी उभा होता याचा पुरावा म्हणून पाहता येत नाही. हा भेद ज्याला ठाऊक आहे तोच त्या ग्रंथाचा योग्य उपयोग करू शकतो. स्मार्टफोनच्या चित्रालाही हेच लागू पडते. तेव्हा चित्र जोडलेले आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही. काय जोडले गेले आणि ते कोणाच्या निर्णयाने, हे पाहावे लागते.

३. उभे राहण्याची जागा

अरुंद गल्लीत पहिली अडचण येते ती अंतराची. समजा, गल्ली पाच मीटर रुंद आहे आणि समोरची चाळ तेरा मीटर उंच आहे. फोन उभा धरून मुख्य कॅमेऱ्याने समोर पाहिले तर पाच मीटरवरून सुमारे साडेसहा मीटर उंचीचा पट्टा चौकटीत येतो. डोळ्याची उंची दीड मीटर धरली तर वरच्या बाजूस दृष्टी पावणेपाच मीटरवर संपते, म्हणजे पहिल्या मजल्याच्या वर काही येत नाही. आणि चौकटीच्या खालच्या भागात निव्वळ फरसबंदी येते. बहुतेक लोक अशा वेळी फोन वर कलंडवितात. तसे करताच इमारतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात आणि चाळ मागे कोसळत असल्यासारखी दिसते.

फोनमधील अतिविस्तृत भिंग, ज्यावर '०.५' असा आकडा असतो, वापरले तर पट्टा दुप्पट होतो. तरीही गल्लीतून सरळ पाहता दृष्टी जेमतेम सव्वाआठ मीटरपर्यंत पोहोचते. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात भिंग तेवढे वर सरकविण्याची सोय असे, आणि वास्तूचे छायाचित्रकार तिच्या जोरावर रेषा सरळ ठेवीत. फोनमध्ये ती सोय नाही. झुकलेल्या रेषा नंतर गणिताने सरळ करता येतात खऱ्या, पण त्या वेळी वरचा मजला ताणला जातो. तेथील तपशील विरळ होतो आणि उंचीचे प्रमाण बिघडते. मोजमापाच्या कामास असे चित्र निरुपयोगी ठरते.

खरा उपाय भिंगात नसून जिन्यात आहे. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरी जमिनीपासून साधारण सहा मीटरवर असते. तेथे उभे राहिल्यास डोळा सात-साडेसात मीटरवर येतो. तेथून फोन कलंडविल्याशिवाय, अगदी सरळ धरून, अतिविस्तृत भिंगाने पाहिले असता तळमजल्याच्या दुकानांपासून छपराच्या कडेपर्यंत सुमारे तेरा मीटरचा पट्टा एका चौकटीत सामावतो, आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. ज्या चित्रासाठी विद्यार्थी महागडा फोन मागतो ते पुष्कळदा समोरच्या बिऱ्हाडाला नम्रपणे विचारल्याने मिळते. फोन सरळ धरला आहे की नाही हे कळण्यासाठी पडद्यावरील आडव्या-उभ्या रेषांची जाळी चालू ठेवावी. अतिविस्तृत भिंगाच्या चौकटीच्या कडांना आकार ताणले जातात. म्हणून माणूस, पाटी किंवा महत्त्वाचा तपशील मध्याजवळ ठेवावा.

झूमबाबतही एक दक्षता घ्यावी लागते. फोनमध्ये वेगळे दूरभिंग असेल तर त्याच्या ठरावीक आकड्यावर खरे प्रकाशीय वर्धन मिळते. त्या आकड्यांच्या मधल्या किंवा पलीकडच्या झूममध्ये मात्र यंत्र चित्राचा मधला भाग कापून मोठा करते आणि उणीव अनुमानाने भरून काढते. कठड्याची नक्षी टिपावयाची असल्यास बोटांनी पडदा ताणण्यापेक्षा जवळ चालत जाणे केव्हाही श्रेयस्कर. आणि या सर्वांच्या आधी एक क्षुल्लक भासणारी गोष्ट करावी: भिंगावरची काच मऊ सुती कापडाने पुसावी. दिवसभर बोटे लागणाऱ्या काचेवर तेलकट थर बसतो, त्यामुळे प्रकाश विखुरतो, आणि चित्रावर धुरकट पडदा येतो. असा पडदा कोणत्याही गणिताने पुरता दूर होत नाही.

४. ऊन केव्हा येते

गल्लीतील प्रकाशाचे वेळापत्रक आधीच काढता येते, आणि ते काढणे हा क्षेत्रकार्याचाच भाग मानावा. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ आहेत. डिसेंबरच्या २२ तारखेस मध्यान्हीही सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. वरील मापांची गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर त्या दिवशी तिच्या तळाला ऊन लागतच नाही. उत्तरेकडील रांगेच्या, म्हणजे दक्षिणाभिमुख दर्शनी भागाच्या, वरच्या साडेपाच मीटरवर तेवढे ऊन पडते, आणि खाली सर्व छाया असते. एकाच चौकटीत अर्धी भिंत तळपणारी आणि अर्धी काळोखी, अशी स्थिती डिसेंबरच्या दुपारी येते. तेव्हा अशा गल्लीत सकाळी लवकर किंवा सूर्य इमारतींआड गेल्यावर, सर्व दर्शनी भाग सारख्याच छायेत असताना चित्र काढणे हिताचे.

गल्ली दक्षिणोत्तर असेल तर हिशेब निराळा. मार्च व सप्टेंबरातील समदिनांच्या सुमारास तिच्या तळाला साधारण सव्वाअकरा ते दोन एवढाच वेळ ऊन लागते. त्याआधी ऊन पश्चिमेकडील रांगेच्या वरच्या मजल्यांवर पडून हळूहळू खाली उतरते, आणि दुपारनंतर तेच पूर्वेकडील रांगेवर वर चढत जाते. म्हणून दोन्ही रांगा टिपावयाच्या असतील तर एकाच दिवशी दोन फेऱ्या कराव्यात. मुंबईत खरी मध्यान्ह घड्याळातील बारा वाजता होत नाही; ती भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी होते. १९५५ पर्यंत या शहरात मुंबई टाइम वेगळा पाळला जाई, त्याचे मूळ याच फरकात होते. सूर्याच्या हिशेबात ही एकोणचाळीस मिनिटे विसरून चालत नाही.

आणखी एक बारकावा नोंदविण्याजोगा आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या उत्तरेस असतो. उत्तराभिमुख दर्शनी भागावर मध्यान्हीचे थेट ऊन येते ते याच काळात. आणि जूनपासून आकाश ढगांनी भरत असल्यामुळे प्रत्यक्षात ही संधी मेच्या उत्तरार्धापुरतीच राहते. कोरीव लाकूडकामाचा उठाव दाखविण्यासाठी असे वरून सरपटत येणारे ऊन फार उपयोगी पडते. उलट, पाटीवरील अक्षरे, रंगांचे थर, भिंतीला गेलेले तडे यांसाठी ढगाळ दिवस उत्तम, कारण तेव्हा प्रकाश सर्व दिशांनी सारखा येतो आणि कोणत्याही तपशिलावर गडद छाया पडत नाही. पावसाळ्यात काम थांबवावे हा समज म्हणूनच बरोबर नाही. भिंगावर थेंब पडू देऊ नये म्हणजे झाले.

५. काळोखा जिना आणि उजळ दार

भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. चाळीच्या आतल्या बोळात तो शंभर लक्सही नसेल. ही तफावत हजारपट आहे. मनुष्याचा डोळा सतत जुळवून घेतो, म्हणून तिची जाणीव होत नाही; यंत्राला मात्र एक निवड करावी लागते. निवड यंत्रावर सोपविली तर ते चौकटीची सरासरी काढते, आणि सरासरी ही कोणाच्याच उपयोगाची नसते. ज्या भागाचा तपशील हवा त्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे फोकस व एक्स्पोजर दोन्ही तेथे स्थिर होतात; नंतर बोट खाली ओढून चित्र किंचित काळोखे करावे. अतिउजळ भागात एकदा पांढरे पडलेले पुन्हा मिळत नाही. छायेतील तपशील मात्र बराचसा मागाहून वर काढता येतो. म्हणून चूक करावयाचीच झाली तर ती काळोखाच्या बाजूने करावी.

जिन्यात रात्रीच्या छायाचित्रणाची योजना, म्हणजे नाइट मोड, उपयोगी पडते. पण तिला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ फोन कठड्यावर किंवा पायरीवर टेकवावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. हीच योजना मिरवणुकीत घात करते. गणपतीच्या किंवा पाडव्याच्या शोभायात्रेत माणसे हलत असतात. अनेक प्रतिमांची बेरीज करताना एखादा हात अर्धवट नाहीसा होतो, झेंड्याला दोन कडा येतात. तेथे नाइट मोड बंद करून एक्स्पोजरचा वेळ सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शाजवळ ठेवावा आणि थोडी खरखर पत्करावी. दिव्यांच्या रोषणाईत आणखी एक दोष संभवतो. आपल्याकडील विजेवर दिव्यांचा प्रकाश सेकंदात शंभर वेळा कमीजास्त होतो. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे चित्रात आडवे काळे पट्टे उमटतात. वेळ हाताने ठरविता येत असेल तर तो सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवल्याने पट्टे जातात.

६. माणसाचे चित्र

चाळीचे चित्र माणसांवाचून पुरे होत नाही, आणि माणसाचे चित्र काढताना सर्वांत मोठी चूक होते ती अंतराची. चेहऱ्याची ठेवण चित्रात कशी येईल हे भिंगावर नव्हे, अंतरावर अवलंबून असते. नाकाचे टोक व कान यांत सुमारे बारा सेंटिमीटरांचे अंतर धरल्यास, चाळीस सेंटिमीटरवरून काढलेल्या चित्रात नाक कानाच्या मानाने तीस टक्क्यांनी मोठे येते. दोन मीटरवरून काढले तर फक्त सहा टक्क्यांनी. म्हणून दीड-दोन मीटर मागे उभे राहावे आणि दुपटीचे भिंग वापरावे. पार्श्वभूमी धूसर करणारी पोर्ट्रेट नावाची योजना अभ्यासाच्या चित्रांत टाळणेच बरे. ती खऱ्या भिंगाची नसून गणिताची धूसरता असते, आणि केस, जाळी, कठड्याचे गज यांच्या कडांवर ती हमखास चुकते. शिवाय ज्या घरासाठी चित्र काढावयाचे तेच घर ती पुसून टाकते.

प्रकाशासाठी माणसाला उन्हात उभे करू नये. गॅलरीच्या तोंडाशी, छपराच्या सावलीत, आकाशाकडे तोंड करून बसविले असता चेहऱ्यावर मऊ प्रकाश पडतो. चाळीतील रहिवाशी दुपारी गॅलरीत बसतातच. त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागेवरून उठविण्याचे कारण पडत नाही.

गॅलरी रस्त्यावरून दिसते म्हणून ती सार्वजनिक होत नाही. ती कोणाच्या तरी घराचा भाग आहे. तेथे वाळत घातलेले कपडे, दाराशी मांडलेली भांडी, आजारी माणसाची खाट ही चित्रविषय म्हणून आकर्षक असली तरी ती त्या कुटुंबाची आहेत. परवानगी आधी मागावी, चित्र दाखवावे, आणि नको म्हटल्यास समोरच पुसून टाकावे. मंदिरात तर तेथील नियम विचारल्यावाचून फोन बाहेरच काढू नये. जेथे अभ्यासकाला दुसऱ्यांदा यावयाचे आहे तेथे हा शिष्टाचार कामाचाही ठरतो. विश्वास मिळाला तरच समोरच्या गॅलरीचे दार उघडते.

७. यंत्राची भर

आता तिसऱ्या गोष्टीकडे वळावयाचे. स्मार्टफोन केवळ टिपत नाही, तो सुधारतो. आकाश अधिक निळे करतो, त्वचा गुळगुळीत करतो, छाया उजळवितो, कडा तीक्ष्ण करतो. अलीकडे तो शिकलेल्या नमुन्यांवरून तपशीलही पुरवू लागला आहे. २०२३ साली एका प्रयोगकर्त्याने चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून दुरून एका प्रसिद्ध फोनने टिपले. निघालेल्या चित्रात मूळ चित्रात नसलेली विवरे स्पष्ट दिसत होती. यंत्राने चंद्र ओळखला आणि आपल्या माहितीतला चंद्र भरला. चंद्राच्या बाबतीत याने फारसे नुकसान होत नाही, कारण चंद्र सर्वांना सारखाच दिसतो. परंतु कठड्यावरील झिजलेली नक्षी किंवा पाटीवरील पुसट अक्षरे यंत्राने अशीच 'पूर्ण' केली, तर भविष्यकाळातील संशोधक जी गोष्ट कधी नव्हतीच तिच्यावर निष्कर्ष उभारील. भिंतीवरची ओल आणि रंगाचे पोपडे हे इमारतीच्या वयाचे व हालअपेष्टांचे लेख आहेत. उजळपणाच्या हव्यासाने ते पुसले जाऊ नयेत.

यावर उपाय पुढीलप्रमाणे करता येतात. सौंदर्यवर्धनाच्या सर्व योजना आधी बंद कराव्यात. फोनमध्ये सोय असल्यास महत्त्वाचे चित्र रॉ स्वरूपातही जतन करावे. ते निगेटिव्हासारखे असते, त्यात यंत्राची भर सर्वांत कमी असते, आणि नेहमीची जेपेग प्रत ही त्यावरून काढलेल्या छपाईसारखी होय. मात्र काही फोनमधील रॉ देखील अनेक प्रतिमांच्या जोडणीतून बनलेले असते, हे विसरू नये. मूळ धारिकेत कधीही बदल करू नये. छाटणी व उजळणी नेहमी प्रतीवर करावी आणि दोन निरनिराळ्या ठिकाणी मूळ प्रती ठेवाव्यात. चित्रे व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविली की त्यांचा आकार घटतो आणि तारीख-वेळेची अंतर्गत नोंद निघून जाते. म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत.

फोनने लिहिलेल्या स्थळनोंदीवरही सर्वस्वी विसंबू नये. उंच इमारतींच्या फटीत उपग्रहांचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात, आणि नोंद शेजारच्या गल्लीत सरकते. इमारतीचे नाव, मजला, कोणत्या दिशेला तोंड करून चित्र काढले, वेळ, आणि कोणाच्या परवानगीने, या पाच गोष्टी वहीत लिहाव्यात. लहान तपशिलाजवळ मोजपट्टी ठेवून एक चित्र आणि तीवाचून एक, अशी दोन चित्रे घ्यावीत. प्रत्येक इमारतीचे एक दूरचे, एक मधले व एक जवळचे चित्र असावे, म्हणजे जवळचा तपशील कोठला याविषयी पुढे संशय उरत नाही.

उपसंहार

वरील विवेचनाचा मथितार्थ असा की, स्मार्टफोनचा कॅमेरा हा दुबळ्या भिंगाचा पण हुशार गणिताचा कॅमेरा आहे. त्याची हुशारी काळोखाशी, कंपाशी व प्रकाशाच्या तफावतीशी झुंजण्यात खर्ची पडते, आणि त्या कामात तो फिल्मच्या कॅमेऱ्यालाही पुष्कळदा मागे टाकतो. परंतु कोठे उभे राहावे, केव्हा यावे, कोणाला विचारावे, चौकटीत काय ठेवावे व काय सोडावे, हे त्याला ठरविता येत नाही. जेथे छायाचित्रकार हे निर्णय घेत नाही तेथे यंत्र स्वतःच्या सरासरीने ते घेऊन टाकते. म्हणूनच हजारो चित्रे एकसारखी चकचकीत आणि एकसारखी मुकी दिसतात. जो अभ्यासक ऊन पाहून वेळ ठरवितो, समोरचा जिना चढतो, बोटाने एक्स्पोजर निश्चित करतो आणि वहीत पाच ओळी लिहितो, त्याच्या साध्या फोनमधून निघालेले चित्र उत्तम असते, आणि पुराव्याच्या कसोटीलाही उतरते.

फणसवाडीसारख्या वाड्यांचे असे चित्रसंग्रह करण्यास मोठ्या निधीची किंवा विशेष सामग्रीची गरज नाही. एका वर्गातील विद्यार्थ्यांनी इमारती वाटून घेऊन, ऋतुमानाप्रमाणे दोन-तीन फेऱ्या करून, वरील पद्धतीने नोंदी ठेवल्यास एका शैक्षणिक वर्षात एका वाडीचा विश्वसनीय संग्रह उभा राहू शकतो. त्याची एक प्रत रहिवाशांच्या हाती अवश्य द्यावी. ज्यांची ती घरे आहेत त्यांचा त्यांवर पहिला अधिकार आहे. वेळ मात्र फारसा नाही, कारण पुनर्विकासाची पाटी एकदा लागली की इमारत रिकामी व्हावयास आणि पडावयास अभ्यासक्रमाच्या दोन सत्रांहून अधिक काळ लागेलच, असे नाही.